उपस्थाता

आमच्या नागपुरात एखादे मूल फार हट्टास पेटले, अथवा एखादा गृहस्थ विसंगत बोलू लागला, म्हणजे "ह्याला पागलखान्यात पोचवा" असे सहज म्हणण्याचा प्रघात पडून गेला आहे. शहरातील एका चौकासही लोकांनी तेच नाव देऊन टाकले आहे. ज्या संस्थेवरून हे नाव पडले, ती इसवी सन १८६४ मध्ये स्थापन झाली. मध्यप्रांत निर्माण होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे लोटली होती, आणि वेड्यांस कोठे व कोणाच्या हुकमाने ठेवावे, ह्याविषयीचा कायदा १८५८ साली झालेला होता. त्या कायद्याची दृष्टी मुख्यतः बंदोबस्ताची होती. पुढे १९१२ चा कायदा आला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अशा संस्थांच्या पाटीवर 'असायलम'च्या जागी 'मेंटल हॉस्पिटल' हे शब्द आले. १९८७ व २०१७ ह्या साली आणखी दोन कायदे झाले. ठाणे, येरवडा व रत्नागिरी येथील रुग्णालयांप्रमाणेच आमचेही आज 'प्रादेशिक मनोरुग्णालय' म्हणवले जाते व त्याच्या मंजूर खाटांची संख्या ९४० अशी नोंदलेली आहे. पाटी इतक्या वेळा पालटली, परंतु लोकांच्या तोंडचा शब्द काही पालटला नाही.

ह्या तोंडच्या शब्दाचा परिणाम असा होतो की, मनाचा अथवा स्मृतीचा रोग म्हणजे दूर कोठेतरी, भिंतीच्या आड असणारी वस्तू, अशी आपली समजूत होऊन बसते. वस्तुतः असे रोगी बहुसंख्येने घरांतच असतात. माजघरात, गच्चीवरच्या खोलीत, देवघराशेजारच्या पलंगावर. भारतातील साठ वर्षांवरील माणसांची पाहणी करून २०२३ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे दर शंभर वृद्धांमागे सातांहून अधिक, म्हणजे एकंदर सुमारे ८८ लक्ष माणसे स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत. हे सगळे कोणत्या रुग्णालयात मावणार? तेव्हा औषधे व वैद्य हा विषय जाणत्यांकडे सोपवून, रोग्याजवळ जो बसतो त्याच्याविषयी ह्या महिन्यात चार शब्द लिहावे असे मनात आहे. मी आयुष्यभर मुलांकडून शब्द व धातू घोकून घेणारा मनुष्य. वैद्यकाचा अधिकार मजकडे नाही. परंतु जवळ बसणाऱ्याचा विचार आपल्या जुन्या ग्रंथांनी इतक्या नेमकेपणाने केला आहे की, तो वाचकांपुढे ठेवण्यास वैद्य असण्याची जरुरी नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, अर्थात शुश्रूषा करणारा. प्रत्येकाचे चार चार गुण तेथे दिले आहेत. उपस्थात्याच्या ठिकाणी उपचाराचे ज्ञान, हातांचे कौशल्य, ज्याची सेवा करावयाची त्याजविषयी अनुराग, व स्वच्छता हे चार असावेत. रोग्याचे चार गुण मात्र फार लक्ष देऊन पाहण्याजोगे आहेत. त्याला स्मृती असावी, सांगितलेले त्याने करावे, तो भित्रा नसावा, आणि आपल्याला काय होते आहे हे त्याला सांगता यावे.

आता ज्या वृद्ध बाईला सकाळी काय खाल्ले हे दहा वाजता आठवत नाही, जी "बसा" म्हटले की उठते, जी स्वतःच्या सावलीला भिते, व जिला पोट दुखते आहे की मन, हे सांगता येत नाही, तिच्यापाशी ह्या चारांतला एकही गुण उरलेला नसतो. चिकित्सेचा एक पाद समूळ निखळलेला असतो. मग तो भार कोणावर पडावा? उपस्थात्यावर. त्याने स्वतःच्या चार गुणांखेरीज रोग्याचेही चार गुण अंगी बाणवावयाचे असतात. तिच्या वतीने लक्षात ठेवावयाचे, तिच्या वतीने निर्भय राहावयाचे, आणि वैद्यापुढे तिच्या वतीने बोलावयाचे. ज्वराच्या रोग्याजवळ बसणे व अशा रोग्याजवळ बसणे ह्यांतील अंतर हेच होय. 'नुसते जवळ बसावयाचे, त्यात काय मोठेसे!' असे म्हणणाऱ्या पुरुषमंडळींनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

ज्ञानाचा भाग आधी घेऊ. कारण प्रेम असूनही केवळ अज्ञानाने रोगी दगावल्याची उदाहरणे कमी नाहीत. विसरभोळेपणा म्हणजे म्हातारपणच, असे ठरवून घरे स्वस्थ बसतात. वास्तविक, कंठग्रंथीचे काम मंदावणे, जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव, डोक्याला लागलेल्या जुन्या माराने आत साचलेले रक्त, किंवा वृद्धाचा मुका विषाद, ह्यांपैकी कशानेही स्मृती ढळू शकते, आणि ह्या गोष्टींवर इलाज आहे. पैकी ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत जवळजवळ नसतेच. शाकाहारी घराण्यांत ते कमी पडण्याचा संभव अधिक. तेव्हा आपल्यासारख्या कुटुंबांनी हे रक्त तपासून घेण्यास संकोच करू नये. दुसरी गोष्ट अशी की, स्मृतिभ्रंश हा वर्षांच्या गतीने चालतो. काल बरी असलेली बाई आज एकाएकी बरळू लागली, रात्रभर झोपली नाही, माणसे ओळखीनाशी झाली, तर तो जुना रोग 'वाढला' असे समजू नये. लघवीतील दोष, ज्वर, शोष, मलावरोध अथवा नव्याने चालू झालेले एखादे औषध, ह्यांपैकी काही नवे उपटलेले असते. त्याच दिवशी वैद्य बोलवावा.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी येथेच लिहितो. वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हे आपणांस नवे नाही. परंतु स्मृतिभ्रंशाच्या रोग्यास तहान लागली तरी ती मागता येत नाही. म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ताक, पन्हे, सरबत ठरलेल्या वेळी पुढे करावे. उन्मादाच्या कित्येक औषधांनी शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती कमी होते. आणि ज्यांना लिथियम हे औषध चालू असते, त्यांनी तर फारच जपावयाचे. शरीरातील पाणी अथवा मीठ कमी झाले की, हे औषध रक्तात साचते व विषासारखे होते. हात अधिक थरथरणे, तोल जाणे, ओकाऱ्या, जीभ जड होणे ही त्याची लक्षणे. ज्येष्ठातील निर्जळी एकादशी आपल्या घरांतून कडकडीत पाळली जाते. लिथियम घेणाऱ्या सुनेने अथवा मुलाने ती पाळू नये व अळणी व्रतही वैद्यास विचारल्यावाचून धरू नये. शास्त्राने आतुरास सवलत दिली आहेच. घरातील वडील बाईने ती स्वतः होऊन द्यावी, मागण्याची पाळी आणू नये.

हातांच्या कौशल्याविषयी पुस्तकांपेक्षा घरातली अनुभवी बाई अधिक सांगेल. तथापि काही गोष्टी ठिकठिकाणी पाहण्यात आल्या, त्या देतो. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. "उठा, हातपाय धुवा, पातळ बदला आणि जेवायला चला" ही चार वाक्ये अशा रोग्याच्या कानी पडली की, तो गोंधळून जागच्या जागी बसतो व आपण त्याला हट्टी म्हणतो. वस्तूंच्या जागा बदलू नयेत. न्हाणीघरात पाट ओला ठेवू नये, भिंतीला धरावयास दांडी असावी. तिन्हीसांजा झाल्या की पुष्कळ रोगी बिथरतात; खोलीत सावल्या पडण्यापूर्वीच दिवे लावावेत. बाहेर निघून जाण्याची खोड असेल, तर खिशात नाव व घरचा दूरध्वनी लिहिलेला कागद ठेवावा, दाराची कडी नेहमीच्या जागेहून निराळ्या जागी बसवावी. परंतु रोग्याला एकट्याला आत कोंडून कोणीही घराबाहेर पडू नये.

आणि परीक्षा घेऊ नये. "मला ओळखलंत का? सांगा पाहू मी कोण?" हा प्रश्न भेटीस येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. परीक्षा घेण्याचा धंदा मी पस्तीस वर्षे केला; ज्याला उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे, त्यालाच मुद्दाम उभे करून प्रश्न विचारणे ह्याला शाळेतसुद्धा चांगले मास्तर नाव ठेवतात. त्यापेक्षा आपणच सांगावे: "काका, मी वसंताचा थोरला. तुम्हाला नमस्कार करायला आलो."

जे फार पूर्वी शिकलेले असते, ते सर्वांच्या शेवटी जाते. मुलाचे नाव हरवलेले वृद्ध गृहस्थ रामरक्षा अस्खलित म्हणताना मी ऐकले आहेत. हातांचीही स्मृती निराळी असते. धंतोलीतील एका घरी आजींना रोज दुपारी कापूस देतात व त्या तासभर फुलवाती वळीत बसतात. वाती एकसारख्या होतात. आजींचा जीव शांत राहतो. समई मात्र दुसरे कोणी लावते.

त्याच घरातील आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण त्यावरून आम्हा दोघा-तिघा म्हाताऱ्यांत मोठा वाद झाला. आजी रोज दिवेलागणीला पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहत आणि म्हणत, "मला घरी पोचवा. आई वाट पाहत असेल." मुलगा सत्यवादी. तो म्हणे, "अगं आई, आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली. हेच तुझं घर." झाले! ती बातमी आजींना नवीच. त्या ऊर बडवून रडत. रात्री जेवत नसत. दुसऱ्या दिवशी ते सगळे पुसले जाई, आणि संध्याकाळी पुन्हा पिशवी, पुन्हा तीच बातमी, पुन्हा तोच शोक. एकाच आईसाठी त्या माउलीने किती वेळा सुतक धरावे! अखेर सुनेने दार आपल्याकडे घेतले. ती म्हणू लागली, "माई, आईंची आठवण आली ना? त्या साटोऱ्या छान करायच्या म्हणे. कशा करायच्या हो?" आजी साटोऱ्या सांगू लागत, पिशवी कधी खाली ठेवली गेली, हे त्यांचे त्यांनाही कळत नसे.

आमच्यातील एकाचे म्हणणे पडले की, ही फसवणूक आहे. मला तसे वाटत नाही. आजी इतिहासातील प्रश्न विचारीतच नव्हत्या. 'मला भय वाटते, मी परकी झाले आहे' हे सांगण्यास त्यांच्यापाशी एवढेच शब्द उरले होते, आणि सुनेने त्या अर्थाला उत्तर दिले. खोटे तर ती एक अक्षरही बोलली नाही. परंतु ह्याच न्यायाने, संशयाने पछाडलेल्या तरुण मुलाच्या खिरीत चोरून गोळी मिसळणे क्षम्य ठरते काय? पुष्कळ घरांत हे चालते. माझे उत्तर नकारार्थी आहे. त्या मुलाची स्मृती शाबूत असते. आपल्याला अन्नातून काही घालतात, हाच त्याचा भ्रम असतो; आणि एके दिवशी वाटीच्या तळाशी त्याला पांढरी पूड दिसते. त्यानंतर त्या घरात तो कोणाच्या हातचे खाईल? औषध घेत नसेल तर वैद्यास सांगावे. पंधरवड्याने अथवा महिन्याने द्यावयाची सुईही आज मिळते. भ्रमाशी वाद घालू नये, भ्रमात सामीलही होऊ नये. "तुला ते आवाज ऐकू येतात हे खरं, मला येत नाहीत, पण तुला भीती वाटते आहे ना, मी इथे बसतो," इतके पुरते.

येथे जुन्या ग्रंथांची एक बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मन, बुद्धी, संज्ञा, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार ह्या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, असे चरकाने म्हटले आहे, व ते वर्णन आजही मार्मिक वाटते. परंतु त्याच ग्रंथात उन्मत्तास सांत्वनाबरोबरच धाकदपटशा व भय दाखविण्याचेही उपाय दिले आहेत. ते उपाय आता ग्रंथातच राहू द्यावे. भय दाखविण्याची व बांधून ठेवण्याची परंपरा किती टोकास जाते, हे तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रोगी जागच्या जागी जळून गेले. २०१७ च्या कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले आहे.

अनुरागाविषयी आपला समज असा की, तो एकत्र कुटुंबात उपजतच असतो. ह्याविषयी थोडे निराळे सांगावयाचे आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी असे पाहिले की, रुग्णालयातून बरे होऊन गेलेले छिन्नमनस्कतेचे काही रोगी लवकर पुन्हा बिघडतात. आणि ज्या घरी उठता-बसता टोचून बोलणे, तिटकारा किंवा जिवाला घोर लावणारी अतिकाळजी असते, त्या घरी हे अधिक घडते. १९८७ साली चंदीगड येथील कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्याकडे असे टोचून बोलणे लंडनपेक्षा पुष्कळ कमी आढळले. हे वाचून आनंद होतो खरा. परंतु प्रत्येकाने आपापल्या घरी कान देऊन ऐकावे. "इतका शिकला, आणि बसला आहे दिवसभर तोंड पाडून". "लग्न करून टाका, आपोआप ताळ्यावर येईल". ह्या दुसऱ्या वाक्याने किती परक्या मुलींचे जन्म मातीस मिळाले आहेत! रोग लपवून लग्न लावणे हा उपचार नव्हे, दुसऱ्याच्या लेकीला न विचारता उपस्थाता नेमणे आहे.

विषादाच्या रोग्यासंबंधी एकच सूचना देतो, पण ती फार महत्त्वाची. हा रोगी सुधारू लागला म्हणजे घरचे निश्चिंत होतात. मनाची निराशा अजून गेलेली नसते आणि अंगात शक्ती मात्र येऊ लागलेली असते. म्हणून त्याच आठवड्यांत डोळ्यांत तेल घालून जपावे, औषधांचा डबा कुलपात ठेवावा. "जीव नकोसा वाटतो का?" असे मायेने सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने बहुधा हलके वाटते. शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी सुरू केला आहे. तो घरच्यांनाही उपयोगी पडतो.

स्वच्छतेविषयी लिहिण्याचे कारण नाही. सोवळ्याओवळ्याची सवय असलेल्या घरांना ते सांगणे न लगे. फक्त अंथरुणास खिळलेल्यास दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, आणि कपड्यात लघवी झाली म्हणून नाक मुरडू नये, इतकेच.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा 'अस्तु' हा चित्रपट वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. २०१३ सालचा तो आहे. त्यातील चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित; स्मृती गेलेले शास्त्रीबोवा रस्त्यात हत्ती पाहून त्याच्यामागे चालू लागतात व माहुताच्या झोपडीत पोचतात. ती भूमिका करणारे मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. माहुताच्या बायकोला शास्त्रीबोवांच्या विद्वत्तेचा गंधही नाही, त्यांचे पूर्वीचे रूप तिने पाहिलेले नाही; म्हणून 'हे असे का झाले?' हा प्रश्नच तिला पडत नाही. ती समोरच्या माणसाला लेकराप्रमाणे भरविते. (अमृता सुभाष ह्यांना ह्या भूमिकेबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.) मुलीला जे जड जाते ते हिला सोपे का जावे? मुलीच्या मनात वडिलांची जुनी मूर्ती उभी असते आणि प्रत्येक घासागणिक ती तुलना करीत असते. घरच्या उपस्थात्याचे खरे दुःख तेथे आहे. माणूस समोर जिवंत असताना त्याच्यासाठी शोक करावयाचा, आणि तो त्याला दिसू द्यावयाचा नाही.

आणि हे दुःख सबंध घराने वाटून घेतले आहे, असे क्वचितच दिसते. बारा माणसांच्या घरात काम बहुधा एकीच्याच अंगावर असते; ती धाकटी सून, नाहीतर लग्न न झालेली मुलगी. तिची झोप पुरी होत नाही, तिला माहेरी जाता येत नाही, आणि वर दर रविवारी येऊन "आई वाळलेल्या दिसतात" असे म्हणणाऱ्या नणंदेला चहा करून द्यावा लागतो. चरकाने उपस्थात्याचे चार गुण सांगितले. पण गुण अंगी असलेला मनुष्यही सहा महिन्यांच्या जागरणानंतर कुशल राहत नाही, व अनुरागही आटतो. पुढे जे चिडणे, हात उगारणे होते, ते दुष्टपणाने नव्हे, थकव्याने. ज्यांना शक्य आहे त्यांनी पगारी आया अथवा मदतनीस ठेवावा व त्यात कर्तव्यच्युती मानू नये. ज्यांना शक्य नाही, त्यांनी निदान रात्री वाटून घ्याव्या. वर सांगितलेल्या घरी भिंतीवर आता एक कागद लावला आहे. त्यावर सात रात्रींपुढे सात नावे आहेत, पैकी चार पुरुषांची. मंगळवार सत्यवादी चिरंजिवांचा. साटोऱ्या कशा करतात, हे त्यांना आता चांगले ठाऊक झाले आहे म्हणतात.

घरी सांभाळणे अशक्य व्हावे, अशीही वेळ येते. तेव्हा मनोरुग्णालयात नेण्यात लाज नाही. लाज आहे ती परत न आणण्यात. बरे झालेले, सही करता येणारे, आपला पत्ता अचूक सांगणारे रोगी अशा रुग्णालयांतून वर्षानुवर्षे राहतात. कारण त्या पत्त्यावरून कोणी येत नाही. कुटुंब स्वीकारीत नाही, एवढ्याच कारणाने कोणासही तेथे ठेवता येणार नाही, असे २०१७ चा कायदा स्पष्ट सांगतो. आणि त्यांच्या पुनर्वसनासाठी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सरकारांना आदेशही दिले. परंतु कायदा दार उघडू शकतो. पलीकडच्या घराचे दार आतूनच उघडावे लागते.

ह्या कायद्यात आणखी एक तरतूद आहे. मन ठिकाणावर असतानाच मनुष्याने आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावे वा होऊ नयेत हे लिहून ठेवावे, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमून ठेवावा, अशी मुभा त्यात दिली आहे. दोन वाचकांनी त्याविषयी विचारणा केली आहे. तो कागद कसा करावा, साक्षी कोणाच्या घ्याव्या, हे एका वकील स्नेह्याकडून नीट समजून घेऊन पुढील अंकी लिहीन.